वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील शहरी शाळांत वर्षभर सेवा देणारे तरुण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या शाळांमध्ये काही तरुण-तरुणी पूर्ण एक वर्ष राष्ट्रीय सेवेचे स्वयंसेवक म्हणून काम करतात. ज्यांची मुले-नातवंडे तिकडे वाढली आहेत अशा वाचकांना या कामाविषयी कुतूहल आहे आणि थोडी काळजीही आहे. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून या पत्रांना एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी नात अमेरिकेतच जन्मली आणि वाढली. यंदा ती पदवीधर झाली. नोकरी धरण्याऐवजी ती ‘सिटी इयर’ या संस्थेमार्फत फिलाडेल्फियातील एका शाळेत वर्षभर काम करणार आहे. तिच्या आईवडिलांना वाटते की हे वर्ष वाया जाईल. ही नोकरी आहे, समाजकार्य आहे, की शिकाऊ उमेदवारी?

उत्तर : आपल्या नातीने निवडलेले काम कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे आणि त्यामागे अमेरिकेच्या केंद्र सरकारची यंत्रणा उभी आहे. सिटी इयर ही संस्था १९८८ साली बॉस्टन शहरात मायकेल ब्राउन आणि अ‍ॅलन केझी या हार्वर्डमध्ये शिकलेल्या दोन मित्रांनी सुरू केली. निरनिराळ्या वंशांच्या आणि आर्थिक थरांतील तरुणांनी एक वर्ष खांद्याला खांदा लावून आपल्या शहरासाठी काम करावे, ही त्यांची मूळ कल्पना होती. बिल क्लिंटन यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना हे काम बॉस्टनमध्ये प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे १९९३ साली त्यांच्याच स्वाक्षरीने राष्ट्रीय सेवेचा कायदा झाला, त्यातून ‘अमेरिकॉर्प्स’ ही योजना उभी राहिली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये तिचे पहिले स्वयंसेवक शपथ घेऊन कामाला लागले. सिटी इयरचे स्वयंसेवक आज अमेरिकॉर्प्सचे सदस्य म्हणूनच काम करतात. सुरुवातीच्या वर्षांत ही मुले मैदाने साफ करण्यापासून भिंती रंगवण्यापर्यंत पडेल ते काम करीत. नंतर संस्थेने आपली सारी शक्ती शहरांतील सरकारी शाळांवर एकवटली.

पूर्णवेळ स्वयंसेवकाला एका वर्षात १७०० तास भरावे लागतात. हे तास शाळेच्या वर्षातच बसवायचे असल्यामुळे रोजचा दिवस चांगलाच लांब होतो. कायद्याने हा स्वयंसेवक कर्मचारी ठरत नाही, त्याला पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो. मात्र वेळेवर येणे, गणवेश घालणे, रजा आधी मागणे, कामाच्या नोंदी ठेवणे हे सगळे नोकरीइतकेच काटेकोर असते. सिटी इयरचे लाल जॅकेट शाळेच्या परिसरात सगळे ओळखतात. ते अंगावर असताना कसे वागायचे, याचेही नियम असतात.

वर्ष वाया जाईल का, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. बाविसाव्या वर्षी दहा-बारा मुलांच्या प्रगतीची जबाबदारी रोज डोक्यावर घेणाऱ्या मुलीचे वर्ष वाया जात नाही. आईवडिलांची काळजी पैशांविषयी असेल तर ती रास्त आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : हे स्वयंसेवक शाळेत दिवसभर नेमके काय करतात? संस्थेच्या छायाचित्रांत ते नेहमी टाळ्या वाजवताना आणि हसताना दिसतात. त्यापलीकडे काही असते का?

उत्तर : टाळ्या असतात, आणि त्याही कामाचाच भाग आहेत. शाळेची घंटा होण्यापूर्वी संपूर्ण गट एकत्र जमतो. एका शाळेत साधारणपणे आठ-दहा किंवा त्याहून थोडे अधिक स्वयंसेवक असतात. आज कोणत्या वर्गात परीक्षा आहे, कोणत्या मुलाशी बोलायचे राहिले आहे, याची पाच-दहा मिनिटे उजळणी होते आणि मग ते फाटकाशी उभे राहून येणाऱ्या मुलांचे नाव घेऊन स्वागत करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा उत्साहाचा देखावा वाटू शकतो, पण त्याच वेळी स्वयंसेवकाची नजर आपल्या यादीतील मुलांना शोधत असते. कोण आले, कोण उशिरा आले, कोण मान खाली घालून आत गेले, हे त्याला पहिल्या तासापूर्वीच कळते.

ही ‘यादी’ समजून घेतली की बाकीचे काम आपोआप उलगडते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियाच्या शाळांतील मुलांचा सहावीपासून पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून असे दिसले की, शाळा सोडून जाणारी बरीच मुले सहावीतच ओळखता येतात. हजेरी ८० टक्क्यांहून कमी असणे, गणितात किंवा इंग्रजीत नापास होणे आणि वर्तनाचा शेरा असमाधानकारक असणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी एक लक्षण जरी दिसले तरी ते मूल शालेय शिक्षण पूर्ण न करण्याची शक्यता फार वाढते. म्हणून शिक्षक, शाळेचे प्रशासन आणि स्वयंसेवकांचा गट एकत्र बसून अशा मुलांची यादी करतात आणि प्रत्येक स्वयंसेवकाच्या वाट्याला त्यांतील काही मुले येतात. वर्षभर ती त्याची मुले.

यानंतर दिवसाचा मोठा भाग वर्गात जातो. स्वयंसेवक बहुधा एकाच शिक्षकाच्या हाताखाली राहतो. शिक्षक शिकवत असताना तो मागच्या बाकाशी वाकून कुणाला पान उघडून देतो, कुणाला सूचना पुन्हा समजावतो, कुणी चिडले असेल तर त्याला दोन मिनिटे बाहेर नेऊन शांत करतो. ठरलेल्या वेळी तीन-चार मुलांना बाजूला घेऊन वाचन किंवा गणिताचा सराव करून घेतो. मधल्या सुट्टीत तो जेवणघरात मुलांबरोबरच बसतो, आणि घरात काय चालले आहे हे बऱ्याचदा त्याला तिथेच कळते. शाळा सुटली की गृहपाठाचा आणि खेळांचा वर्ग सुरू होतो, तो संध्याकाळपर्यंत चालतो. शेवटी, सगळे दमलेले असताना, नोंदी लिहायच्या असतात : कोणत्या मुलाबरोबर किती मिनिटे, कोणता घटक घेतला, काय जमले, काय राहिले.

यांपैकी हजेरीचे काम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते, त्यामुळे त्याविषयी थोडे अधिक लिहितो. अमेरिकेत शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे असते आणि त्यांतील १० टक्के दिवस बुडाले की मूल ‘दीर्घकाळ गैरहजर’ या वर्गात धरले जाते. म्हणजे वर्षाला १८ दिवस, महिन्याला जेमतेम दोन. महिन्यातून दोन दिवस कुणाच्या नजरेत भरत नाहीत, आणि धोका नेमका तिथेच असतो. मूल आले नाही की स्वयंसेवक, शाळेने परवानगी दिली असल्यास, घरी फोन लावतो. फोनची सुरुवात कशी करायची हे त्याला शिकवलेले असते. “आपला मुलगा पुन्हा गैरहजर आहे” असे म्हटले की पलीकडून दटावणीची अपेक्षा करणारा, बंद झालेला आवाज येतो. “आज तो दिसला नाही, बरा आहे ना? आज आम्ही त्याच्या आवडीचा प्रयोग करणार होतो” असे म्हटले की पालक बोलू लागतात. मग कळते की मुलाला दमा आहे आणि फवाऱ्याचे औषध संपले आहे; किंवा आईची कामाची पाळी पहाटेची असल्याने लहान बहिणीला पाळणाघरात सोडण्याचे काम त्याच्यावर पडले आहे; किंवा बसथांब्यावर मोठी मुले त्रास देतात. यांतील एकाही अडचणीवर स्वयंसेवकापाशी स्वतःचा इलाज नसतो. पण औषधाची गोष्ट शाळेच्या परिचारिकेकडे, बसथांब्याची मुख्याध्यापकांकडे आणि घरची समुपदेशकांकडे त्याच दिवशी पोहोचते. नाहीतर त्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटावर नुसती एक खूण राहिली असती.

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. ज्या मुलांना शिकवणे सर्वांत कठीण, त्यांनाच अप्रशिक्षित तरुणांच्या हाती सोपवणे मला पटत नाही. कच्ची मुले अनुभवी शिक्षकाकडे जायला नकोत का?

उत्तर : आपला आक्षेप योग्य जागी आहे आणि तो तिकडच्या शिक्षकांनीही घेतलेला आहे. वर्ग शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहते आणि ती तशीच राहिली पाहिजे. अमेरिकॉर्प्सच्या नियमानुसार स्वयंसेवकाला शाळेतील पगारी कर्मचाऱ्याच्या जागी वापरता येत नाही. शिक्षक आले नाहीत म्हणून पूर्ण वर्ग एकट्या स्वयंसेवकावर सोडून देणारी शाळा त्या नियमाचा भंग करते. शिक्षकांची चणचण असलेल्या शाळेत हा मोह होतो, आणि तिथे गटप्रमुखाने ठामपणे नाही म्हणावे लागते.

मग स्वयंसेवक काय करू शकतो? आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. सहावीतला एक मुलगा एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश असे लिहितो, वर अंशांची बेरीज आणि खाली छेदांची. तीस मुलांच्या वर्गात शिक्षक उत्तर चूक म्हणून सांगतात, समच्छेद करण्याची रीत फळ्यावर पुन्हा दाखवतात आणि पुढे जातात, कारण त्यांना पुढे जावेच लागते. मुलगा रीत उतरवून घेतो आणि आठवड्याने पुन्हा दोन सप्तमांश लिहितो. छोट्या गटात बसलेल्या स्वयंसेवकाला घाई नसते. तो म्हणतो, “तुझ्याच पद्धतीने एक द्वितीयांश अधिक एक द्वितीयांश करून पाहा.” मुलगा दोन चतुर्थांश लिहितो. “दोन चतुर्थांश म्हणजे किती?” “अर्धा.” “अर्ध्यात अर्धा मिळवला तर अर्धाच राहील?” आपली पद्धत कुठे फसली हे मुलाला इथे स्वतःला दिसते, आणि त्यानंतर समच्छेदाची रीत त्याला हवीशी वाटते. हा प्रश्न विचारायला बी.एड. लागत नाही. मुलाच्या वहीकडे दहा मिनिटे शांतपणे पाहण्याची फुरसत लागते, आणि कोणता प्रश्न विचारायचा हे आधी कुणीतरी शिकवलेले असावे लागते.

हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. प्रशिक्षण नेमके असेल आणि सत्रे नियमित होत असतील तर नवखा माणूसही चांगला परिणाम साधतो. मिनेसोटा राज्यात २००३ पासून चालणाऱ्या ‘मिनेसोटा रीडिंग कोअर’ या अमेरिकॉर्प्सच्याच उपक्रमात लहान मुलांबरोबर रोज सुमारे वीस मिनिटे वाचनाचा सराव केला जातो. सत्रात काय करायचे हे जवळजवळ शब्दशः ठरवून दिलेले असते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेने २०१४ साली त्याची पाहणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी करून केलेल्या त्या पाहणीत बालवाडी व पहिलीच्या वयाच्या मुलांना लक्षणीय लाभ झालेला आढळला. मोठ्या मुलांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. सिटी इयर ज्यात सहभागी होती त्या ‘डिप्लोमाज नाउ’ या प्रकल्पाचा ‘एमडीआरसी’ या संस्थेने अभ्यास केला. २०१६ सालच्या अहवालात असे आढळले की, धोक्याचे एकही लक्षण नसलेल्या सहावीच्या मुलांचे प्रमाण वाढले, परंतु सरासरी हजेरी आणि उत्तीर्ण होण्याचे प्रमाण यांत ठळक फरक पडला नाही. आमच्या मते ही प्रामाणिक आणि उपयोगी माहिती आहे. जितक्या लवकर आणि जितक्या ठरावीक पद्धतीने मदत मिळेल तितकी ती लागू पडते. चौदाव्या वर्षापर्यंत साचलेले मागासलेपण एका वर्षाच्या सोबतीने भरून निघत नाही.

आपण निवृत्त आहात म्हणून आणखी एक सांगतो. अमेरिकॉर्प्समध्ये ५५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठीही वेगळ्या योजना आहेत. ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ या योजनेत आजी-आजोबांच्या वयाची माणसे शाळेत जाऊन मुलांजवळ बसतात, त्यांना शिकवतात.

प्रश्न : निर्वाह भत्त्यावर मोठ्या शहरात राहता येते का? आणि ‘शिक्षण पुरस्कार’ म्हणजे काय?

उत्तर : ओढाताणीने राहता येते. भत्त्याची किमान आणि कमाल मर्यादा दर वर्षी ठरते आणि तिच्या आत प्रत्येक ठिकाणी रक्कम वेगळी असते. बॉस्टन किंवा लॉस एंजेलिससारख्या शहरात त्यातून घरभाडे निघणे कठीण, म्हणून तीन-चार जण मिळून घर घेतात. काहींना सरकारी अन्नसाहाय्यही मिळते. पूर्णवेळ स्वयंसेवकांना आरोग्यविम्याची सोय असते.

वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या रकमेला अमेरिकॉर्प्सचे पहिले प्रमुख ईलाय सेगल यांचे नाव दिलेले आहे. ही रक्कम ‘पेल ग्रँट’ या सरकारी विद्यार्थी-अनुदानाच्या कमाल रकमेइतकी असते. २०२४-२५ या वर्षासाठी ती ७,३९५ डॉलर होती. हे पैसे रोख हाती येत नाहीत. पुढील शिक्षणाचे शुल्क भरण्यासाठी किंवा मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी सात वर्षांच्या आत ते वापरावे लागतात, आणि ज्या वर्षी वापरले त्या वर्षी ते करपात्र उत्पन्न धरले जातात. करापोटी थोडी रक्कम बाजूला ठेवण्याचे बरेच जण विसरतात. सेवेच्या काळात सरकारी शैक्षणिक कर्जाचे हप्ते थांबवण्याची विनंती करता येते आणि सेवा पूर्ण केल्यास त्या काळात साचलेले व्याज राष्ट्रीय सेवेच्या निधीतून भरले जाते. आपल्या मुलामुलींनी हा अर्ज पहिल्याच महिन्यात करावा.

आम्हांला या व्यवस्थेतील एक गोष्ट मनापासून खटकते. घरून थोडा आधार असलेल्या मुलाला हे वर्ष परवडते, नसलेल्याला परवडत नाही. ज्या वस्त्यांतील मुलांसाठी हे काम चालते, त्याच वस्त्यांत वाढलेला तरुण वर्गात उभा राहिला तर मुलांना त्याचा सर्वांत अधिक उपयोग होतो, आणि त्यालाच कमी भत्त्यामुळे माघार घ्यावी लागते. भत्ता वाढला पाहिजे असे आमचे ठाम मत आहे. योजनेचा पैसाही निर्धोक नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने अचानक रद्द केली आणि अनेक ठिकाणचे काम वर्षाच्या मध्येच थांबले. जूनमध्ये न्यायालयाने ती अनुदाने पूर्ववत करण्याचा आदेश दिला, पण तो दावा लावणाऱ्या राज्यांपुरताच होता. त्यामुळे रुजू होण्यापूर्वी आपल्या शहरातील शाखेच्या निधीची स्थिती विचारून घेणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : माझा मुलगा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकतो. त्याला यात भाग घेता येईल का?

उत्तर : अमेरिकॉर्प्सच्या शिक्षण पुरस्कारासह मिळणाऱ्या जागांसाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. विद्यार्थी व्हिसावर ते शक्य नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून जवळच्या शाळेत विनामोबदला वाचनसोबती म्हणून जाता येते का, हे त्याने पाहावे.

प्रश्न : आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेसारखेच हे आहे का?

उत्तर : हेतू जवळचा आहे, घडण फार निराळी आहे. आपली राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी शिक्षण सांभाळून दोन वर्षांत २४० तास काम करतात आणि सात दिवसांच्या विशेष शिबिराला जातात. रासेयोचा विद्यार्थी वृक्षारोपण, रक्तदान, गावातील सर्वेक्षण अशी अनेक प्रकारची कामे थोडी थोडी करतो, त्यातून त्याला समाज दिसतो. अमेरिकेतील शाळेचा स्वयंसेवक वर्षभर एकच काम करतो, एकाच इमारतीत, त्याच मुलांबरोबर. दोन्हींची तुलना करून एकाला श्रेष्ठ ठरवण्यात अर्थ नाही. परंतु रासेयोच्या एखाद्या गटाने दत्तक वस्तीतील एकाच शाळेत दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या मुलांकडे जायचे असे ठरवले, तर २४० तासांतही पुष्कळ काही होईल असे आम्हांला वाटते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक आखून मुख्याध्यापकांशी बोलणे तेवढे लागते.

प्रश्न : माझी भाची ऑक्टोबरपासूनच थकून गेली आहे. मुले ऐकत नाहीत, रोज रडू येते असे म्हणते. तिने वर्ष मध्येच सोडले तर काय होईल?

उत्तर : ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ अशा स्वयंसेवकांना जड जातो. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि मुलांमधला बदल अजून दिसू लागलेला नसतो. भाचीचा अनुभव त्यामुळे वेगळा नाही, पण ‘सगळ्यांनाच होते’ असे सांगून तिचे बोलणे थांबवू नये. तिने प्रथम गटप्रमुखाशी बोलावे आणि मोघम तक्रारीऐवजी नेमकी अडचण सांगावी : अमुक तासाला अमुक मुलगा उठून जातो, तेव्हा मी काय करू? यावर बहुतेक वेळा व्यवहार्य मार्ग असतो. वर्गशिक्षकांनी आणि तिने एकच नियम लावणे, त्या मुलाला आधीच एखादे काम नेमून देणे, किंवा तिच्या यादीतील एक-दोन मुले दुसऱ्या स्वयंसेवकाकडे सोपवणे. एखाद्या मुलाच्या घरच्या परिस्थितीचा भार तिच्यावर आला असेल, तर ती गोष्ट शाळेच्या समुपदेशकांपर्यंत पोहोचवणे तिचे कर्तव्यच आहे. ती एकटीने मनात ठेवण्याची नाही.

सोडण्याचे परिणाम असे. आजारपण किंवा कुटुंबातील गंभीर अडचण अशा सबळ वैयक्तिक कारणाने, संस्थेच्या मान्यतेने सेवा थांबवली आणि तोपर्यंत किमान १५ टक्के तास भरलेले असतील, तर शिक्षण पुरस्काराचा त्या प्रमाणातील भाग मिळतो. दुसरी नोकरी मिळाली किंवा काम आवडले नाही म्हणून सोडल्यास काहीच मिळत नाही. व्याजभरणाही सेवा पूर्ण करण्यावर अवलंबून असतो. प्रकृती खरोखर बिघडत असेल तर हा हिशेब दुय्यम मानावा आणि वैद्यकीय कागदपत्रे घेऊन रीतसर मुक्तता मागावी. थांबायचेच ठरले, तर तिने कमीत कमी एक आठवडा आधी मुलांना स्वतः सांगावे, आपल्या नोंदी पुढच्या व्यक्तीकडे समजावून द्याव्यात आणि ज्या मुलांच्या घरी ती फोन करीत असे त्या पालकांना नव्या व्यक्तीचे नाव कळवावे. ज्यांच्या आयुष्यातून मोठी माणसे न सांगता निघून गेलेली असतात, अशी मुले त्या यादीत बरीच असतात.